माळवदावरची वही

(वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे)

या महिन्यात सदराकडे आलेली बहुतेक पत्रे हौशी आकाशनिरीक्षकांविषयी आहेत. पंचवीस वर्षे एकाच ताऱ्यावर पाळत ठेवूनही ऐन वेळी ज्याच्या हातून तो निसटला, अशा एका अमेरिकी शेतकऱ्याचा मागच्या अंकात मी दोन ओळींत उल्लेख केला होता. त्यातूनच हे कुतूहल जागे झालेले दिसते. जागेअभावी पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी औसा तालुक्यातील एका खेड्यात शिक्षक आहे. आपण ज्या शेतकऱ्याविषयी लिहिले तो कोण होता? तो खरोखरच शेती करणारा होता, की नावापुरता? आणि एकाच ताऱ्याकडे एवढी वर्षे पाहत बसण्यामागे त्याचा हेतू काय होता? जाता जाता हेही विचारतो, की तो तारा आपल्याकडून दिसतो का?

उत्तर : त्यांचे नाव लेस्ली पेल्टियर. अमेरिकेतील ओहायो राज्यात डेल्फॉस नावाचे एक छोटे गाव आहे. त्या गावाजवळच्या शेतावर २ जानेवारी १९०० रोजी त्यांचा जन्म झाला, आणि १९८० साली वारले तेही त्याच परिसरात. घरच्या शेतीसाठी त्यांना दहावीनंतर शाळा सोडावी लागली, त्यामुळे शेतकरी हा शब्द मी विचार करूनच वापरला होता. पुढे त्यांनी खेळणी आणि फर्निचर यांचे नमुने तयार करण्याची नोकरी केली. खगोलशास्त्राची पदवी त्यांच्याकडे कधीच नव्हती. एका विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली ती पुष्कळ नंतर, केलेल्या कामाकडे पाहून.

त्यांची पहिली दुर्बीण दोन इंची होती आणि तिची किंमत होती १८ डॉलर. हे पैसे त्यांनी स्ट्रॉबेरी खुडून मिळवले. एका क्वार्टला, म्हणजे साधारण लिटरभराच्या मापाला, २ सेंट मजुरी मिळे. म्हणजे १८ डॉलरसाठी अशी ९०० मापे भरावी लागली. आपल्या भागात किलोवर मजुरी घेऊन कापूस वेचायला जाणाऱ्यांना या हिशेबातली पाठदुखी वेगळी सांगायला नको.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे वळते. काही ताऱ्यांचे तेज कायम राहत नाही, ते कमीजास्त होते. त्यांना मराठीत रूपविकारी तारे म्हणतात. अशा ताऱ्यांची संख्या फार मोठी आहे, आणि त्यांतील कित्येकांचे वागणे समजण्यासाठी महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे नोंदी लागतात. वेधशाळांतील मोठ्या दुर्बिणींना एवढी सवड नसते. म्हणून १९११ साली अमेरिकेत रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांची एक संघटना स्थापन झाली. जगभरच्या हौशी मंडळींनी आपापल्या अंगणातून तेजाचे अंदाज घ्यावेत आणि ते एका ठिकाणी जमा व्हावेत, अशी तिची रीत आहे. पेल्टियर यांनी या संघटनेसाठी पहिली नोंद केली ती १ मार्च १९१८ रोजी. तेव्हापासून मृत्यूपर्यंत, म्हणजे बासष्ट वर्षे, त्यांचा मासिक अहवाल एकदाही चुकला नाही. त्यांच्या एकूण नोंदी १,३२,००० च्या वर गेल्या. याशिवाय त्यांनी बारा धूमकेतू शोधले, त्यांतला पहिला १९२५ साली. काम पाहून आधी संघटनेने चार इंची दुर्बीण वापरायला दिली, मग प्रिन्स्टन विद्यापीठाने धूमकेतू शोधण्याची सहा इंची दुर्बीण दिली. या दुर्बिणीसाठी त्यांनी एक लहानशी खोली बांधली. आत खुर्चीवर बसून सगळी खोलीच हवी त्या दिशेला फिरवायची, अशी तिची रचना होती. ओहायोच्या बर्फाळ रात्री तासन्‌तास बसायचे, तर वाऱ्यापासून आडोसा हवा, एवढी साधी गरज त्यामागे होती.

उत्तर मुकुट या तारकासमूहातील ‘टी’ नावाचा तारा त्यांच्या यादीत होता. हे खरे तर दोन ताऱ्यांचे जोडपे आहे. एक फुगलेला तांबडा राक्षसी तारा आणि दुसरा आकाराने पृथ्वीएवढा, पण अतिशय घन असा श्वेत लघुतारा. तांबड्या ताऱ्यावरचा वायू श्वेत ताऱ्यावर साचत जातो. थर पुरेसा जाड आणि तप्त झाला, की त्यातील हायड्रोजनचा अणुस्फोट होतो आणि एरवी दहाव्या प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचा आकडा; तो जितका लहान तितका तारा उजळ), नुसत्या डोळ्यांना अजिबात न दिसणारा तारा काही तासांत दुसऱ्या प्रतीपर्यंत उजळतो. १८६६ साली असे घडले होते. पुन्हा घडेल तेव्हा आपण पाहत असावे, या आशेने पेल्टियर १९२० पासून संधी मिळेल तेव्हा त्याच्याकडे पाहत राहिले. फेब्रुवारी १९४६ मधल्या एका पहाटे अडीचच्या सुमारास ते ठरल्याप्रमाणे उठले. आकाश निरभ्र होते, पण घसा धरल्यासारखा वाटला, सर्दी बळावेल अशी भीती वाटली, आणि ते परत अंथरुणात शिरले. त्याच रात्री तारा उजळला. हा सगळा प्रसंग त्यांनी स्वतःच आपल्या पुस्तकात लिहिला आहे आणि दोष कोणावरही ढकललेला नाही. मला त्यांच्या बारा धूमकेतूंपेक्षा त्यानंतरची गोष्ट मोठी वाटते : ते त्या ताऱ्याकडे पुढेही पाहतच राहिले. आपल्या हयातीत तो पुन्हा उजळणार नाही हे जवळजवळ नक्की असतानासुद्धा त्याची नोंद त्यांनी थांबवली नाही.

आपल्याकडून तो दिसतो का, याचे उत्तर थोडे सविस्तर द्यावे लागेल. ते सदराच्या शेवटी दिले आहे.

प्रश्न : मी नांदेडला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात शिकते. परदेशातल्या माणसांची उदाहरणे ऐकली, की घरचे म्हणतात, ‘तिकडे सोयी असतात.’ आपल्या देशात, नोकरी सांभाळून, विज्ञानाची पदवी नसताना कोणी असे काम केले आहे का?

उत्तर : केले आहे, आणि ते आपल्याला शाळेत शिकवले गेले नाही याचे मला मनापासून वाईट वाटते. राधागोविंद चंद्र हे तेव्हाच्या बंगालमधील, आता बांगलादेशात असलेल्या जेसोर जवळच्या बागचर गावचे. त्यांचा जन्म १८७८ चा. प्रवेश परीक्षेत, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला, ते एकदा नव्हे, तीनदा नापास झाले. मग जेसोरच्या सरकारी खजिन्यात नाणी पारखण्याच्या कामावर लागले. पगार महिना पंधरा रुपये. दिवसा खरे-खोटे रुपये पारखायचे आणि रात्री घराच्या गच्चीवरून तारे. १९१० साली हॅलेचा धूमकेतू त्यांनी पाहिला आणि त्याविषयी बंगालीत लिहिले. १९१२ साली इंग्लंडहून तीन इंची दुर्बीण मागवली. पंधरा रुपयांपासून सुरुवात केलेल्या माणसाने ही दुर्बीण कशी घेतली असेल, याचा विचार ‘तिकडे सोयी असतात’ म्हणणाऱ्यांनी अवश्य करावा.

जून १९१८ मध्ये गरुड तारकासमूहात एक नवा तेजस्वी तारा प्रकटला. आपल्याला तोंडपाठ असलेल्या आकाशात एक तारा जास्त आहे, हे चंद्र यांच्या लक्षात आले ते कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या सवयीने. त्यांनी हे अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेला कळवले, आणि त्यातून अमेरिकेतील त्याच संघटनेशी त्यांचा संबंध जुळला. म्हणजे ओहायोतील एक तरुण शेतकरी आणि जेसोरचा एक खजिना कारकून एकाच वर्षी एकाच कामाला लागले. १९२६ साली संघटनेने चंद्र यांना सहा इंची दुर्बीण धाडली. १९२८ साली फ्रान्स सरकारने त्यांचा सन्मान केला. १९५४ पर्यंत त्यांनी पाठवलेल्या नोंदी सदतीस हजारांच्या पुढे गेल्या होत्या. फाळणीनंतर ते गाव सोडून कोलकात्याजवळ बारासात येथे आले. तेथील शेवटची वर्षे हलाखीत गेली आणि १९७५ साली ते वारले. त्यांची सहा इंची दुर्बीण पुढे तमिळनाडूतील कावलूरच्या वेधशाळेत गेली.

आपण कलाशाखेच्या विद्यार्थिनी आहात, याची अडचण मला कुठेच दिसत नाही. बेरीज-वजाबाकी, घड्याळ आणि सत्य लिहिण्याची तयारी, एवढ्यावर चंद्र यांचे काम चालले होते.

प्रश्न : मी टपाल खात्यातून निवृत्त झालो असून धाराशिव जिल्ह्यातील आमच्या गावी राहतो. दुर्बीण घेण्याची ऐपत नाही आणि वयामुळे डोळेही पूर्वीसारखे नाहीत. नुसत्या डोळ्यांनी करता येईल आणि ज्याला काही अर्थ असेल, असे काम सांगावे.

उत्तर : काका, आपला प्रश्न मला सर्वांत जवळचा वाटला, कारण माझी सुरुवातही अशीच, लातूरजवळच्या आमच्या गावातल्या वाड्याच्या माळवदावर, बाजेवर पडून झाली. रात्री खळ्यावर जागलीला गेलेली आमच्याकडची जुनी माणसे सप्तर्षींना म्हातारीचे बाजले म्हणत आणि मागचे तीन तारे म्हणजे ते पळवणारे चोर. बाजल्याची जागा पाहून ती रात्रीचा प्रहर सांगत. आकाशाकडे पाहण्याची सवय आपल्या शिवारात कधीच परकी नव्हती. राहून गेले ते लिहून ठेवणे.

तेव्हा शंभर पानांची एक वही घ्या. तारीख, वेळ, आकाशाची स्थिती आणि पाहिलेली गोष्ट, एवढे चार रकाने पाडा. काम म्हणून मृग नक्षत्रातील काक्षी हा तांबूस तारा घ्या. तो रूपविकारी आहे, त्याचे तेज सावकाश बदलते आणि हिवाळ्यात तो बराच वर असतो. जानेवारीच्या मध्यास रात्री दहाच्या सुमारास काक्षी, तिच्या पश्चिमेला रोहिणी आणि पूर्वेला प्रश्वा, असे तिन्ही तारे एका नजरेत येतात. ताऱ्याच्या तेजाला प्रत म्हणतात, आणि आकडा जितका लहान तितका तारा अधिक तेजस्वी. प्रश्वाची प्रत ०.४ आहे, रोहिणीची साधारण ०.९. काक्षी जर प्रश्वाहून थोडी मंद आणि रोहिणीहून तेवढीच उजळ वाटली, तर ०.६ किंवा ०.७ लिहा. एवढाच हा खेळ आहे. मात्र पथ्ये कडक आहेत. अंधारात वीस मिनिटे तरी बसल्याशिवाय अंदाज करू नये. मोबाइल पाहिला, की वीस मिनिटे पुन्हा मोजावीत. वहीवर धरायच्या बॅटरीला लाल कागद लावावा. तांबड्या ताऱ्याकडे टक लावू नये, कारण एकटक पाहत राहिल्यास तो आहे त्यापेक्षा उजळ भासू लागतो. झटकन एकदा इकडे, एकदा तिकडे पाहावे. क्षितिजाजवळचा तारा हवेच्या जाड थरामुळे मंद दिसतो, म्हणून साधारण सारख्या उंचीवरचे तारेच एकमेकांशी ताडून पाहावेत. चष्मा असेल तर तो लावूनच पाहावे. त्याने अंदाजाला काही बाध येत नाही.

एक गोष्ट माझ्या स्वतःच्या वहीतली सांगते. डिसेंबर २०१९ मधल्या एका थंड रात्री मी लिहिले होते, ‘काक्षी रोहिणीपेक्षा फिकी.’ लिहून झाल्यावर मला ते पटेना. एवढ्या वर्षांत असे कधी दिसले नव्हते. म्हटले, नजर थकली असेल, आणि त्या ओळीवर मी आडवी रेघ मारली. पुढच्या महिन्यात वर्तमानपत्रांतून वाचले, की काक्षी खरोखरच मंद होत चालली आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये ती १.६ प्रतीपर्यंत उतरली. ताऱ्याने बाहेर फेकलेला वायू थंड होऊन त्याची धूळ बनली आणि तिने ताऱ्याचा काही भाग झाकला, असे संशोधकांनी नंतर दाखवून दिले. माझ्या वहीत ती रेघ अजून आहे आणि रेघेखालची अक्षरे आजही वाचता येतात. त्या दिवसापासून मी वहीत काही खोडत नाही. शंका आली तर शेजारी ‘शंका’ असे लिहिते, पण जे दिसले ते तसेच राहू देते.

आणखी एक, केवळ आपल्या भागाचे म्हणून सांगते. जानेवारीच्या अखेरीस रात्री दहाच्या सुमारास उघड्या माळरानावर उभे राहा. उत्तरेला ध्रुव आणि दक्षिणेला अगस्त्य, दोन्ही क्षितिजापासून जवळजवळ सारख्याच उंचीवर दिसतील. हात लांब करून मूठ धरली तर तिची रुंदी दहा अंशांच्या आसपास भरते. त्या मापाने दोन्ही तारे दोन मुठींच्या जरासे खाली असतात. ध्रुवाची उंची म्हणजे आपल्या गावाचा अक्षांश, आणि लातूर-धाराशिवचा अक्षांश अठरा ते साडेअठरा अंशांच्या दरम्यान आहे. म्हणून हा तोल आपल्याकडे असा साधला जातो. पेल्टियर यांना त्यांच्या शेतावरून अगस्त्य कधीही दिसू शकला नाही. त्यांचे गाव एवढे उत्तरेला आहे, की तो तेथे उगवतच नाही.

गावातल्या हायमास्ट दिव्यापासून दूर बसा, आणि गळीत हंगामात कारखान्याचा धूर ज्या दिशेला जातो ती बाजू टाळा. पावसाळ्याचे चार महिने वही बंद राहिली तरी मनाला लावून घेऊ नये. आपल्याला ऑक्टोबर ते मे असे आठ महिने मिळतात, आणि इतके आकाश फार थोड्या निरीक्षकांच्या वाट्याला येते.

प्रश्न : आमच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींची मोठी वेधशाळा होत आहे. अशा काळात गच्चीवरून तारे पाहणाऱ्यांच्या नोंदींना काही किंमत उरते का?

उत्तर : उरते. लायगो-इंडिया या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. काटकोनात असलेल्या चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा वापरून अवकाशाचे अतिसूक्ष्म ताणणे-आक्रसणे मोजणारे हे यंत्र मराठवाड्यात उभे राहणार, याचा मला अतिशय आनंद आहे. पण ते काक्षीचे तेज मोजणार नाही. त्याचे काम वेगळे आहे. मोठ्या यंत्रांनाही हौशी डोळे लागतात, याचे एक उदाहरण देते. अवकाशातील हबल दुर्बिणीवरील एक उपकरण अचानक वाढलेल्या प्रखर प्रकाशाने बिघडू शकते. म्हणून काही स्फोटक ताऱ्यांकडे ते वळवण्यापूर्वी तारा शांत आहे की नाही, हे जगभरच्या हौशी निरीक्षकांकडून कळवून घेतले गेले होते. यंत्र कितीही मोठे असले, तरी अशी पाळत ठेवणारा कोणी तरी लागतोच.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. अंबाजोगाईला आमच्या गच्चीवर रोज रात्री बसून ती ताऱ्यांबद्दल पानेच्या पाने मराठीत लिहिते. शेजारच्या बायका नावे ठेवतात, आणि तिचे वडील म्हणतात, की याचा ना शास्त्राला उपयोग ना परीक्षेला. तिला थांबवावे का?

उत्तर : कृपा करून थांबवू नका. पेल्टियर यांचे नाव आज खगोलशास्त्राशी संबंध नसलेल्या वाचकांनाही ठाऊक आहे, ते १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘स्टारलाइट नाइट्स’ या आत्मकथनामुळे. त्यात तारे आहेत, तसेच गोठा, ओढा, पक्षी, घरची माणसे हेही आहे. बासष्ट वर्षे नेमाने केलेल्या नोंदींनी त्यांच्या लेखणीला खोटे विशेषण न वापरण्याची शिस्त लावली, असे मला ते वाचताना सतत जाणवते. आपल्याकडे शंकर बाळकृष्ण दीक्षित हे शाळामास्तर होते. नोकरी सांभाळून त्यांनी ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ मराठीत लिहिला आणि तो १८९६ साली प्रसिद्ध झाला. पुढे या विषयावर लिहिणाऱ्या कितीतरी अभ्यासकांना त्याचा आधार घ्यावा लागला. शिवाय मुकुंदराजांच्या गावातल्या मुलीने मराठीत लिहिण्याचा संकोच का करावा?

तिच्या वडिलांना एक विनंती करा. आठवड्यातून एक रात्र त्यांनी तिच्यासोबत गच्चीवर तासभर बसावे आणि तिने लिहिलेले तिच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावे. शेजारणींचे तोंडही त्याने आपोआप बंद होईल, कारण मुलगी एकटी अंधारात बसते हीच त्यांची खरी तक्रार असणार. तिला माझा एकच निरोप द्या : प्रत्येक पानावर वेळ घाल. ‘आज आकाश सुंदर होते’ या वाक्याला वेळेची जोड नसेल, तर दहा वर्षांनी ते तिच्याही उपयोगाचे राहणार नाही.

आता औशाच्या गुरुजींचा राहिलेला प्रश्न. उत्तर मुकुट आपल्याकडून उत्तम दिसतो. एप्रिलमध्ये रात्री नऊनंतर पूर्वेकडे पाहा. तांबूस स्वाती बरीच वर आलेली असते. तिच्याखाली, ईशान्येच्या अंगाला, सात मंद ताऱ्यांची अर्धगोल कंकणासारखी ओळ आहे. मेच्या अखेरीस मध्यरात्री ती जवळजवळ डोक्यावर येते. ‘टी’ तारा त्या कंकणाच्या पूर्वेकडील टोकाजवळ, किंचित बाहेर आहे. एरवी तेथे नुसत्या डोळ्यांना काहीही दिसत नाही. १८६६ आणि १९४६ या दोन स्फोटांत ऐंशी वर्षांचे अंतर होते, आणि पुढचा स्फोट आता केव्हाही होऊ शकतो, असे खगोलशास्त्रज्ञ सांगत आले आहेत. उजळलेला तारा नुसत्या डोळ्यांना जेमतेम आठवडाभर दिसेल.

म्हणून मुलांना आधी ते कंकण त्याच्या सात ताऱ्यांसह पाठ करायला लावा, वहीत काढायला लावा. मग ज्या ज्या रात्री आकाश मोकळे असेल त्या रात्री एक मिनिट वर पाहायचे आणि तारीख-वेळ घालून लिहायचे : ‘सातच.’

मी काल पहाटे चारला पाहिले. सातच होते.